गावाला घर बांधणारा

मुंबईच्या मराठीत ‘घर’ आणि ‘खोली’ हे समानार्थी शब्द नाहीत. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड इथल्या चाळींत आणि गिरगावातल्या वाड्यांत माणूस राहतो ती खोली. घर गावाला असते. जन्म खोलीतला, शाळा खोलीसमोरची, वरात खोलीवरूनच निघालेली, रेशनकार्डावर पत्ता खोलीचा. तरीही ‘घरी कधी जाणार?’ असे विचारले की माणूस भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळून गणपतीची तारीख बघतो. गावाला घर बांधणारा हा इसम या शब्दभेदातून जन्माला आला आहे.

त्याचे गाव बहुधा कोकणात असते. लांजा, राजापूर, संगमेश्वर, कणकवली, कुडाळ, देवगड यांपैकी एखाद्या तालुक्यात, एसटी थांबते तिथून आत चालत वीस मिनिटे. (तो स्वतः हे अंतर कायम दहा मिनिटे सांगतो.) पाटण, शिराळा, आजरा, चंदगड अशा घाटावरच्या तालुक्यांतला एक उपप्रकारही परळ-लालबागेत आहे, पण तो दोन उन्हाळ्यांत घर बांधून मोकळा होतो, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखे फार उरत नाही. कोकणी प्रकाराची खूण क्रियापदात सापडते. ‘गावाला घर बांधायचंय’ म्हणणारे चाळीच्या प्रत्येक मजल्यावर आठ-दहा असतात. ते या वर्गात येत नाहीत. ‘गावाला घर बांधलं’ म्हणणारा क्वचित भेटतो, आणि त्यालाही बायको ‘मागच्या पडवीचा गिलावा मग कोण करणार?’ असे विचारून भूतकाळातून बाहेर काढते. अस्सल इसम ‘बांधतोय’ म्हणतो. हा अपूर्ण वर्तमानकाळ पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो.

बाकीच्या खुणा किरकोळ आहेत. दुसऱ्याच्या लग्नात हॉलच्या दाराची चौकट टेपने मोजणे, लग्नपत्रिकेची कोरी बाजू नकाशासाठी जपून ठेवणे, आणि गावाला कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा नजर आधी वाशांकडे जाणे.

या इसमाची वंशावळ गिरणीपासून सुरू होते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे रत्नागिरी जिल्हा गिरण्यांना माणसे पुरवत राहिला. (सिंधुदुर्ग त्यातच होता, तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) बायकामुले गावाला आणि आपण खानावळीत, अशी त्या पिढीची वाटणी होती. ते घर बांधत नसत. मनीऑर्डर पाठवत, आणि घर म्हातारा बाप बांधे. पुढे बायकामुले मुंबईला आली आणि बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळींत, एका मजल्यावर वीस खोल्या आणि एका खोलीत १६० चौरस फूट या हिशेबाने बसली. गावाकडच्या घराचे वासे त्याच सुमारास वाळवी खाऊ लागली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. कित्येक जण ‘संप मिटेपर्यंत’ म्हणून गावी गेले आणि तिथेच राहिले. हा संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. अपूर्ण वर्तमानकाळाची सवय या भागाला निदान तेव्हापासूनची आहे.

आजचा घर बांधणारा त्या कामगाराचा मुलगा किंवा पुतण्या असतो, आणि तो मुख्यत्वे हत्याराचा माणूस असतो. परळचे रेल्वे वर्कशॉप १८७९ चे, माटुंग्याचे १९१५ चे. त्याशिवाय बेस्टचे दादरचे वर्कशॉप, गोदी, आणि गिरण्यांची दुरुस्तीखाती. फिटर, टर्नर, वेल्डर, पॅटर्नमेकर यांची पैदास या पट्ट्यात इतकी झाली की चाळीच्या एका मजल्यावर मशीन उघडणारे सहा जण असत आणि बिघडलेला मिक्सर एकच. म्हणून या इसमाला गावाला नुसते घर नको असते. त्याला घर आणि वर्कशॉप हवे असते. वर्कशॉप हा शब्द तो स्वतः वापरतो. बायको त्याला ‘तुमचा कारखाना’ म्हणते. गावाच्या भाषेत घरापासून सुटी अशी कामाची, गवताकाड्याची झोपडीवजा इमारत म्हणजे मांगर. त्यामुळे गाव त्याला पहिल्या दिवसापासून मांगर म्हणते आणि शेवटपर्यंत मांगरच म्हणते.

वर्कशॉपची गरज खोलीतच तयार होते. सुरुवातीला बिस्किटांच्या पत्र्याच्या एका डब्यात पाने, पेचकस, कानशी, टॅप-डाय असा संसार असतो. मग रंधा येतो, पटाश्या येतात, गुण्या येतो, ओळंबा येतो. डबे कॉटखाली जातात. कॉटखाली मावेनात म्हणून कॉटचे पाय विटांवर चढतात. आधी एक वीट, मग दोन. चौथ्या विटेला बायको झोपताना स्टूल मागते. शेजाऱ्यांना यावरून प्रगती कळते: ‘मिस्त्रींची कॉट वर गेली, ड्रिल मशीन आलेलं दिसतंय.’ काम गॅलरीत चालते, तेही रविवारी दहा ते एक या वेळेत, कारण त्याआधी लोक झोपलेले असतात आणि त्यानंतर झोपायचे असतात. मार्चमध्ये दहावीवाल्यांचे पालक येऊन रीतसर विनंती करतात. गणपतीच्या मंडपाला मात्र हाच माणूस लागतो. हलते देखावे, फिरणारी चक्रे, राक्षसाचा उघडझाप करणारा जबडा ही याची निर्मिती. गणेश गल्लीचे मंडळ १९२८ चे आणि लालबागच्या राजाचे १९३४ चे, तेव्हा या भागातल्या सुतार-फिटरांना असल्या कामाचा पिढीजात सराव आहे. राक्षसाच्या जबड्याची मोटर विसर्जनानंतर कॉटखाली येते. पाचवी वीट.

जगात इतरत्रही असे इसम होऊन गेले आहेत. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो याने वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हाताने झोपडी बांधली आणि ४ जुलै १८४५ रोजी तिथे राहायला गेला. खर्च त्याने साडेबारा सेंटसह मांडून ठेवला आहे: अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. झोपडी १० फूट बाय १५ फूट होती, म्हणजे बीडीडीच्या खोलीपेक्षा १० चौरस फूट लहान. एवढ्या जागेत एकटा माणूस राहिला तर परदेशात त्याच्यावर ग्रंथ निघतात. नायगावात तेवढ्यात सात जण राहतात आणि गणपतीला पाहुणे येतात. शिवाय थोरोला कुऱ्हाड उसनी मिळाली होती आणि जमीन इमर्सन नावाच्या मित्राची होती. सात-बाऱ्यावर नाव नसताना दोन वर्षे निर्धास्त राहण्याचे हे उदाहरण गावाकडच्या तलाठ्याला सांगून उपयोग होत नाही.

सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पहिल्यात जमीन कोणाची ते लिहिलेले असते, दुसऱ्यात तिच्यात पिकते काय. या इसमाच्या उताऱ्यावर पहिल्या भागात सतरा नावे असतात आणि दुसऱ्या भागात गवत. सतरांपैकी नऊ जण हयात नसतात. उरलेल्यांत तिघे दादरला, दोघे विरारला, एक बडोद्याला आणि दोघे समोरासमोर राहून एकमेकांशी बोलत नसतात. वारसांची नोंद, फेरफार, वाटप, हक्कसोडपत्र हे शब्द हा इसम याच काळात शिकतो आणि पुढे आयुष्यभर चाळीतल्या इतरांना शिकवतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिल्यापासून भाऊबीजेचे महत्त्व फारच वाढले आहे. बहीण सही देते. तिचे मन मोठे असते. ती फक्त ‘माहेरपणाला आले तर टेकायला एक खोली ठेव हां’ एवढेच म्हणते. दादरचे काका सही देतात आणि देवघर मूळच्या जागीच राहावे असे सुचवतात. चुलतभाऊ सही देतो, त्याला पडवीचा कोपरा पुरतो. अशा रीतीने दोन खोल्यांचा नकाशा सहीसहीने वाढत सात खोल्यांचा होतो. ज्या घराकडे पाहून गावचे लोक ‘मुंबईकराने वाडा बांधला’ म्हणतात, तो वाडा नसतो. त्या सह्या असतात.

कायद्याची आणखी एक गोम वर्कशॉपच्या वाट्याला येते. जमीन महसूल संहितेप्रमाणे (ती १९६६ ची) शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येते, आणि शेतघर कशासाठी, तर औजारे, खत, वैरण आणि आलेले पीक ठेवायला, गुरे बांधायला, घरच्या माणसांना आणि गड्यांना राहायला. लेथचा यात उल्लेख नाही. ‘लेथसुद्धा औजारच’ हा युक्तिवाद या इसमाने रात्री दोन वाजता खोलीत पाठ केलेला असतो, पण तहसील कचेरीत तो ऐकून घ्यायला कोणी रिकामे नसते. अखेर घर गावठाणात बांधायचे ठरते, ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो आणि मांगराच्या रकान्यात ‘सामान ठेवणेसाठी’ असे लिहिले जाते. ते खोटेही नसते.

नकाशा लालबागेत तयार होतो. आर्किटेक्ट नसतो, कट्टा असतो. कट्ट्यावरच्या प्रत्येकाने कधी ना कधी गावाला घर बांधायचे ठरवलेले असल्याने सल्ला अनुभवाचा नसला तरी मनापासूनचा असतो. एकाला जुने कोकणी घर हवे असते: पुढे खळे, मग ओटी, माजघर, बाजूने पडवी, मागल्या दारी न्हाणी. दुसरा म्हणतो, हॉल-किचन कर, लोक आता ओटीवर बसत नाहीत, टीव्हीसमोर बसतात. तिसरा फक्त दिशा सांगतो. या सगळ्यात एकच व्यक्ती ठाम असते, ती म्हणजे बायको. ही बाई चाळीस वर्षे मजल्याच्या टोकाच्या सामाईक संडासासमोर बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली असते. तिची अट एका ओळीची असते: ‘दोन संडास, आणि दोन्ही घरात.’ एका छपराखाली देव आणि संडास कसे, असे गावची वडीलधारी मंडळी विचारून बघतात. ती उत्तर देत नाही, नुसती बघते. पुढे नकाशा अकरा वेळा बदलतो. हा भाग मात्र जिथल्या तिथे राहतो.

वस्तू जमवण्याचे पर्व सर्वांत लांब आणि सर्वांत सुखाचे. नागदेवी स्ट्रीटला हत्यारे, लोहार चाळीत विजेचे सामान, रे रोडला लाकडाच्या वखारी, आणि दारुखान्यात फोडलेल्या जहाजांचे भंगार. दारुखान्यातून हा इसम जहाजाची एक गोल पितळी खिडकी हमखास आणतो. ती कशासाठी, हे त्याला तेव्हा सांगता येत नाही. नंतर ती वर्कशॉपच्या भिंतीत बसते आणि गावातली पोरे विचारतात, मांगर पाण्यात कधी सोडणार? जुलैमध्ये हा प्रश्न अगदीच वेडगळ वाटत नाही.

चाळी पाडल्या जाऊ लागल्यापासून त्यांचे लाकूडही बाजारात आले. बर्मा टीकची दारे, खांब, जिन्याचे कठडे. शंभर वर्षांचे, वाळवीने हात टेकलेले लाकूड. गिरगावातल्या पाडलेल्या चाळीचे दार घेताना हा इसम त्यावर हात फिरवतो तसा त्याने नातवाच्याही पाठीवरून फिरवलेला नसतो. दाराच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात ‘४७’ असते. ते घासून काढायचे नाही, असे तो ठरवतो. परिणामी कुडाळ तालुक्यातल्या एका घराला ग्रामपंचायतीचा क्रमांक एक आणि दारावरचा दुसरा असे दोन क्रमांक होतात आणि पोस्टमन पहिली दोन वर्षे पलीकडच्या ४७ व्या घरी पत्रे टाकत राहतो.

हे सारे गावी न्यायचे कसे हा प्रश्न कोकण रेल्वेने सोडवला, म्हणजे हा इसम तरी तसे मानतो. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग सुरू झाला तो कोळसा किंवा सिमेंट वाहण्यासाठी नसून आपल्या पिशव्यांसाठी, अशी त्याची वागणूक असते. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या गाडीला २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून ‘तुतारी’ हे नाव मिळाले. त्या गाडीच्या बाकाखाली अठरा किलोचा वाइस पिशवीत घालून नेणारा माणूस दर शुक्रवारी सापडेल. शेजारचा प्रवासी पाय लांब करायला म्हणून पिशवी सरकवू जातो, सरकत नाही, आणि मग रत्नागिरीपर्यंत पाय दुमडून बसतो. गणपतीच्या खास गाड्यांत मूर्तीपेक्षा खिडकीचे ग्रिल अधिक सांभाळून नेलेले पाहायला मिळते.

बांधकाम प्रत्यक्ष सुरू झाले की पंचांग आडवे येते. कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि मृगाला मिटतो. त्यापुढे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. इसमाच्या रजा मात्र गणपती, शिमगा आणि मे महिना अशा तीनच. गणपतीत पाऊस असतो, काम बंद. शिमग्यात गवंड्यापासून सरपंचापर्यंत सगळे पालखीबरोबर नाचत असतात, काम बंद. मे महिन्यात अर्धे गाव आंब्याला आणि अर्धे लग्नाला, आणि विजापूरकडून आलेले गवंडी नेमके याच महिन्यात आपल्या गावी गेलेले. त्यांचेही तिकडे घर चाललेले असते. त्यामुळे मालक हजर असताना वीट चढली असे सहसा घडत नाही. घर वाढते ते त्याच्या पाठीमागे, आणि देखरेख गावातल्या चुलतभावाकडे असते. तो व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो. फोटोत भिंतीपुढे कुत्रा उभा असतो; मागच्या आणि आताच्या फोटोत नेमका फरक कशाचा, भिंतीचा की कुत्र्याचा, यावर कट्ट्यावर चर्चा होते. ‘काम खंयपर्यंत इला?’ या प्रश्नाला चुलतभावाचे उत्तर ठरलेले: ‘जोत्यापर्यंत इला, आता काय, झालाच.’ पुढली चार वर्षे ते जोत्यापर्यंत आलेलेच असते.

भिंती जांभ्याच्या. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश अमलदाराने १८०७ मध्ये मलबारातल्या या दगडाचे वर्णन करताना त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून नाव दिले, कारण खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने विटेसारखा तासता येतो, आणि वारा लागला की टणक होतो. भावकीच्या सह्यांचा गुणधर्म हाच असल्याने दोन्ही वेळेवर घेतलेल्या बऱ्या. पाया खणण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते. त्यात ग्रामदेवता, मूळपुरुष, सीमेवरचा राखणदार, वाटेवरचा देवचार अशा सर्व संबंधितांना सामील करून घेतले जाते आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. या प्रकरणात एकमताने मिळालेली मंजुरी एवढीच, आणि तीच लेखी नसते.

छप्पर हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी घरोघर कुंभाराचे नळे होते आणि दर उन्हाळ्याला ते परतावे लागत. इसमाला कौलेच हवी असतात, कारण कौलांवरचा पाऊस ऐकण्याची त्याची चाळीस वर्षांची हौस असते. गावाला स्लॅब हवा असतो, कारण कौले माकडे फोडतात, हे गावाला माहीत असते. प्रकरण देवळात जाते. देवीपुढे तांदळाचा कौल लावला जातो आणि कौल कौलांच्या बाजूने पडतो. पहिल्याच श्रावणात माकडांची टोळी उतरते. पुढल्या वर्षी स्लॅब पडतो. तो गळतो म्हणून त्यावर पत्रा चढतो. आणि पत्र्यावर पाऊस असा वाजतो की ओटीवर शेजारी बसलेल्याशी खुणांनी बोलावे लागते. पाऊस ऐकण्याची हौस अशी पुरेपूर फिटते. जुनी कौले वर्कशॉपवर जातात.

वर्कशॉप तोवर उभे राहिलेले असते. घराआधीच. यामागचा तर्क असा की घराच्या खिडक्या-दारे घरीच बनवायची तर हत्यारे मांडायला जागा हवी. म्हणून घरासाठी वर्कशॉप बांधायचे, आणि वर्कशॉपचे बाक, मांडण्या, कपाटे होईस्तोवर घर थांबवायचे. या व्यवस्थेत चार वर्षे जातात. लेथ मुंबईहून टेंपोने येतो, पण टेंपो रस्त्याला थांबतो आणि शेवटची पाणंद माणसांनी चालायची असते. सहाशे किलोचे ते धूड बांबूला बांधून बारा जण खांद्यावर घेतात, आणि शिमग्याच्या सवयीने आपोआप तालात पावले पडू लागतात. वाटेवरच्या घरांतून बायका पाणी घालायला बाहेर येतात. एक म्हातारी हात जोडून विचारते, ह्यो खंयचो देव? चक्क नारळ फुटतो. एवढ्या थाटाने आलेला लेथ थ्री फेज जोडणीची वाट पाहत दीड वर्ष बसतो. या अवधीत त्याच्या सपाट बेडवर चुलतभावाची बायको कोकमाची सोले वाळत घालते, आणि मिठाने व आंबट रसाने लोखंडाला काय होते हे इसमाला मे महिन्यात कळते. तो महिनाभर कानस आणि पॉलिशपेपर घेऊन बसतो. कोणी काही बोलत नाही. सोले उत्तम झालेली असतात.

वीज आल्यावर लेथवर पहिली वस्तू होते ती विहिरीच्या रहाटाची कप्पी. (विहीर पाणाड्याने सांगितलेल्या जागी खणलेली असते, पाणाड्या उलट्या फांदीने पाणी शोधतो आणि ते नेहमी शेजाऱ्याच्या गडग्यालगत सापडते.) त्यानंतर गावाला मांगराचा उपयोग कळतो. कोयत्याच्या मुठी, आदोळीचे पाते, पंपाचे शाफ्ट, ग्रासकटर, देवळाच्या घंटेची जीभ, बाळाच्या पाळण्याची कडी. हा इसम निवृत्तीनंतर दोन महिन्यांसाठी येतो आणि सकाळी सातला दारात रांग लागलेली असते. मोबदला नारळ, कुळीथ, फणस, वालीच्या शेंगा अशा चलनात मिळतो आणि मागच्या पडवीत साचतो. म्हणून तिथे गिलावा होऊ शकत नाही. मुंबईत सायरनवर जाणारा माणूस इथे स्वतःच भोंगा लावतो. बायकोच्या मते फरक एवढाच की तिकडे पगार होता.

वास्तुशांतीला मुंबईहून एक अख्खी बस येते. चाळीतला मजला बहुतेक सगळा, कट्टा पूर्ण, गावाच्या मुंबई मंडळाचे पदाधिकारी. सात खोल्या असूनही सगळे माजघरात एका ओळीत सतरंज्या टाकून झोपतात, कारण एकेकट्याने खोलीत झोपणे कोणाला जमत नाही. संडासासमोर सकाळी रांग लागते. यजमानीण हे दृश्य काही काळ स्वयंपाकघराच्या दारातून पाहते आणि तिसरा संडास बांधायला सांगते.

मंडळी गेल्यावर घर मोठे होते. सात खोल्यांत दोन माणसे. रात्री पंख्याचा आवाज नाही, वरच्या मजल्यावर चालणारे पाय नाहीत, शेजारच्या खोलीतला खोकला नाही. बायको देवघराशेजारच्या खोलीत गाढ झोपते. हा इसम दोन रात्री कूस बदलतो आणि तिसऱ्या रात्री चटई उचलून वर्कशॉपमध्ये जातो. तिथे कौलांचे छप्पर असते, गोल खिडकी असते, भिंतीला ओळीने टांगलेले पाने असतात, हात लांबवला की प्रत्येक वस्तू लागते. वर्कशॉपचे माप १० बाय १६ आहे. हे माप कोठून आले असे विचारल्यावर तो कौलांचा हिशेब सांगतो. आठवड्याभरात तिथे स्टोव्ह येतो, दोरीवर टॉवेल येतो, आणि कॉट येते. कॉटखाली डबे येतात.

इकडे मुंबईत चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या; नायगाव आणि डिलाईल रोडचे इसम तेव्हा आपली पाळी मोजत होते. ज्यांना किल्ली मिळाली त्यांच्याकडे पाहुणे येतात, लिफ्टचे कौतुक करतात, गॅलरीतून खाली डोकावतात आणि रिकाम्या हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून विचारतात की सोफा, पलंग, कपाट अजून काहीच कसे नाही. यजमान खिशातून टेप काढून भिंत मोजतो आणि सांगतो, ‘गावाला बनवतोय.’